नव्या गाडीचं ॲक्सेसरी पॅकेज: काय घ्यायचं, काय नाकारायचं आणि का

बुकिंगचे पैसे भरले की शोरूममध्ये दुसरा कागद पुढे येतो. सीट कव्हर, सेव्हन-डी मॅट, स्टिअरिंग कव्हर, डॅशबोर्डवरची मॅट, काचांना फिल्म, परफ्युम, ‘इंटिरिअर ट्रीटमेंट’ आणि खाली एकच गोळाबेरीज. लहान गाडीला पंधरा-वीस हजार, मोठ्या एसयूव्हीला त्याहून बरंच जास्त. या पॅकेजमधली एकेक वस्तू वेगळी काढून पाहिली तर निम्म्या वस्तूंमुळे गाडीचा आतला भाग लवकर खराब होतो, आणि दोन-तीन वस्तू तर ज्या सुविधेसाठी तुम्ही वरच्या व्हेरिअंटचे पैसे मोजले तीच झाकून टाकतात. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे की गाडी ताब्यात येईपर्यंत काहीही बसवू देऊ नका. आधी गाडीत काय कुठे आहे ते बघा, मग खरेदीला निघा.

पुस्तिका मांडीवर घेऊन दोन तास

डिलिव्हरीच्या दिवशी देतात तो डेमो बहुतेक वेळा स्क्रीनला फोन जोडून संपतो. खरा अभ्यास घरच्या पार्किंगमध्ये, गाडी उभी असताना होतो. बऱ्याच कंपन्या हल्ली ग्लोव्ह बॉक्समध्ये बारीकशी पुस्तिका ठेवतात आणि पूर्ण मॅन्युअल संकेतस्थळावर किंवा ॲपवर देतात. तुमच्या मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं मॅन्युअल उतरवून घ्या.

सुरुवात पुढच्या सीटपासून करा. पाठीच्या दाराकडच्या कडेवर ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली असेल तर बाजूची एअरबॅग त्या सीटच्याच आत आहे. पूर्वी ही गोष्ट महागड्या गाड्यांपुरती होती. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या सगळ्या गाड्यांना सहा एअरबॅग देऊन टाकल्या आणि २०२५मध्ये मारुतीने अल्टो के१०, वॅगन आर, सेलेरिओ, ईकोलाही दिल्या. त्यामुळे सीट कव्हर घेताना हा प्रश्न आता लहान गाडीवाल्यांनाही लागू आहे.

मग डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या बुडाशी बघा. वरच्या व्हेरिअंटमध्ये तिथे एक लहान काळा घुमट असतो. ऑटो हेडलाइटचा किंवा ऑटो एसीचा प्रकाश मोजणारा सेन्सर तो हाच. त्यावर कापड, मॅट किंवा मूर्ती आली की भर दुपारी हेडलाइट लागतात आणि लोक वायरिंग बिघडलं म्हणून सर्व्हिस सेंटरला जातात. त्याच ओळीत काचेवर हवा सोडणारी लांबट जाळीही आहे, ती मोकळीच राहायला हवी.

ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. खाली गालिच्यात दोन हुक किंवा खुंट्या दिसतील. मॅट पुढे सरकू नये म्हणून त्या आहेत. मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या चाचपून घ्या, लहान मुलांची सीट त्यांना अडकते. मागच्या तिन्ही सीट बेल्टच्या पट्ट्यांची बक्कलं वर आहेत ना हेही बघा.

यात चावीचं प्रकरण नीट समजून घ्या. स्मार्ट चावीतली बॅटरी, बहुतेक गाड्यांत सीआर२०३२ नावाचा चपटा सेल, कधीतरी संपणारच. चावीच्या पोटात एक साधी लोखंडी चावी असते, ती बाहेर काढायची खिट्टी कुठे आहे आणि दारावरचं कुलूप कोणत्या झाकणाखाली आहे हे आजच करून बघा. गाडीत शिरल्यावर सेल संपलेली चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवून इंजिन सुरू होतं. हे अंधारात, पावसात, घाटात पहिल्यांदा शोधण्यात अर्थ नाही.

हेडलाइटची उंची कमी-जास्त करायचं गोल चाक, टायरच्या हवेचा तक्ता (बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर), मागच्या दाराचं चाइल्ड लॉक, जॅक लावायच्या खुणा. ही यादी अर्ध्या तासात उरकते.

मॅट: इथे पैसे घाला

पॅकेजमधली सगळ्यात खपणारी आणि आमच्या मते सगळ्यात चुकीची वस्तू म्हणजे सेव्हन-डी मॅट. वर शंकरपाळ्याच्या चौकटीची शिलाई घातलेलं रेक्झिन, मध्ये फोम, खाली कापड. पूर्ण तळ झाकला जातो, गाडी पहिल्या दिवशी भरलेली दिसते. पण शिलाईच्या प्रत्येक भोकातून पाणी खाली उतरतं. खालचा फोम आणि त्याखालचा कंपनीचा गालिचा दोन्ही ओले होतात, वरून रेक्झिन असल्यामुळे ते वाळत नाहीत. जुलैत कोकणात किंवा मुंबईत रोज ओल्या चपला-छत्र्यांनी चढणं-उतरणं झालं की महिन्याभरात कुबट वास सुरू होतो. मॅट काढून धुवायची तर सीटखाली दाबलेली असते, काही ठिकाणी सीटचे बोल्ट सैल करावे लागतात. शिवाय जाडीमुळे डाव्या पायाच्या विश्रांतीची जागा उंच होते आणि ॲक्सिलरेटरखालची मोकळी जागा घटते.

ही शेवटची गोष्ट हलक्यात घेऊ नका. २००९मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोष दूर करायला गाड्या परत बोलावणं, जाहीर केला, त्याचं कारण मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकण्याचा धोका हेच होतं. कंपनीच्या मॅटवर दुसरी मॅट कधीच टाकू नका. नवी मॅट बसवल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबा आणि सोडा. मॅटची कड कुठेही घासली, पेडल परत यायला जरा जरी अडखळलं, तर ती मॅट त्या गाडीची नाही.

घ्यायची ती टीपीईची साच्यातली मॅट. टीपीई म्हणजे रबरासारखं लवचिक राहणारं प्लास्टिक. साध्या पीव्हीसी मॅटसारखा उन्हात वास येत नाही, काही वर्षांत कडक होऊन वळत नाही. कडा दोनेक सेंटिमीटर उचललेल्या असतात, त्यामुळे चिखल आणि पाणी ताटात राहावं तसं मॅटमध्येच राहतं. उचलायची, बाहेर ओतायची, साबणाच्या पाण्याने घासून वाळवायची. मॉडेलप्रमाणे अडीच ते साडेचार हजारांत पूर्ण संच मिळतो. घेताना तीन गोष्टी तपासा: तुमच्या मॉडेलच्या नेमक्या वर्षाचा साचा आहे का, ड्रायव्हरच्या बाजूला कंपनीच्या हुकांची भोकं आहेत का, आणि मागच्या मधल्या उंचवट्यावर मॅट नीट बसते का. धुतल्यावर तिला टायरचं किंवा डॅशबोर्डचं पॉलिश लावू नका, टाच घसरते.

तळकोकणातल्या लाल मातीबद्दल एक सूचना. जांभ्याची ही माती बारीक असते, ओली असताना गालिच्यावर पुसलीत तर धाग्यांत खोल जाते आणि रंग धरते. पूर्ण वाळू द्या, कडक ब्रशने सुटी करा, व्हॅक्यूमने ओढा आणि मग उरलेला डाग ओल्या फडक्याने टिपा. डिक्कीतही टीपीईचाच ट्रे टाका. आंब्याच्या पेट्या, नारळ, भाजीची पोती तिथेच जाणार आहेत.

सीट कव्हर: घाई करू नका

बाजूची एअरबॅग सीटची शिलाई फाडून बाहेर येते, आणि तेही क्षणार्धात. चारही बाजूंनी घट्ट शिवलेलं जाड रेक्झिनचं कव्हर तिला अडवू शकतं किंवा तिची दिशा बदलू शकतं. ‘एअरबॅग कम्पॅटिबल’ असं दुकानदार म्हणाला तर कव्हरची दाराकडची बाजू हातात घेऊन बघा. तिथे मोकळी फट हवी, नाहीतर वेगळ्या रंगाच्या, मुद्दाम कमकुवत दोऱ्याची शिलाई हवी, आणि ती सीटवरच्या पट्टीच्या रेषेतच यायला हवी. बाकी कव्हरसारखाच जाड नायलॉनचा दोरा तिथे असेल तर परत करा.

दुसरा धोका सीटखाली आहे. कव्हर ताणून बसवायला फिटर इलॅस्टिकचे हुक खाली अडकवतो. तिथून पिवळ्या कनेक्टरची वायर जाते. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची यंत्रणा. हुक त्या वायरला लागला किंवा फिटरने सीट काढताना कनेक्टर सुटा करून इग्निशन चालू केलं, की मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावावा लागतो. फिटरच्या शेजारी उभं राहा आणि हुक फक्त सीटच्या चौकटीलाच लावायला सांगा.

मागच्या सीटच्या कव्हरची तक्रार वेगळी. बक्कलं आणि आयसोफिक्सच्या कड्या त्याखाली गाडल्या जातात. बक्कल सापडत नाही म्हणून पट्टा लावला जात नाही. मागे बसणाऱ्यालाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, न लावल्यास हजार रुपये दंड. काही दुकानांत या अडचणीवर, पट्टा न लावल्यास वाजणारा ‘अलार्म बंद करणारी क्लिप’ दाखवतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३मध्ये पाच ऑनलाइन बाजारपेठांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. दुकानात फुकट दिली तरी घेऊ नका.

व्हेंटिलेटेड सीट असतील तर कव्हर घालणं म्हणजे त्या सुविधेचे पैसे पाण्यात. हवा सीटच्या बारीक छिद्रांतून येते, वर रेक्झिन आलं की संपलं.

मग सीट राखायची कशी? सीट सगळ्यात आधी झिजते ती ड्रायव्हरच्या बाहेरच्या कडेला, जिथे उतरताना मांडी घासते. आधी सीटवर नीट टेकून बसा आणि मग पाय आत घ्या. उतरताना दोन्ही पाय बाहेर टेकवून मग उठा. मागच्या खिशातलं पाकीट आणि चाव्या काढून ठेवा. फिकट रंगाच्या सीटवर नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो. तो आठवड्याच्या आत ओल्या मायक्रोफायबरने निघतो, पण उन्हाने भाजला की बसतो. आपल्याकडच्या बहुतेक ‘लेदर’ सीट खरं तर लेदरेट, म्हणजे कृत्रिम चामड्याच्या असतात, त्यांना लेदर कंडिशनर लागत नाही. एक लिटर पाण्यात सौम्य शॅम्पूचं एक झाकण, पिळलेलं फडकं, लगेच कोरडं पुसणं, एवढं पुरतं. हेडरेस्टला खोबरेल तेलाचे डाग पडतात. तिथे धुता येणारं सुती कव्हर जरूर घाला, त्याने कोणतीही सुविधा झाकली जात नाही.

कारखान्यातून आलेलं सीटवरचं प्लास्टिक महिनोन् महिने ठेवणाऱ्यांनी ते आजच काढावं. त्याखाली घाम आणि दमट हवा अडकते, कापडी सीटवर बुरशीचे ठिपके येतात. स्क्रीनवरची आणि पॉलिश पट्ट्यांवरची फिल्मही काढा, उन्हाने तिचा गोंद चिकटून बसतो.

डॅशबोर्ड

डॅशबोर्डवरची मॅट घेऊ नका. सेन्सर, हवेची जाळी आणि प्रवाशाच्या एअरबॅगचं झाकण, तिन्ही तिच्याखाली येतात. रबराची ‘नॉन-स्लिप’ चटई उन्हात वितळून चिकट ठसा सोडते.

गणपतीची मूर्ती प्रत्येक घर ठेवणारच, आणि ठेवावीच. फक्त डावीकडे जिथे ‘एसआरएस एअरबॅग’ कोरलंय त्या भागावर आणि त्याच्या आसपास नको. एअरबॅग उघडली तर मूर्ती बंदुकीच्या गोळीसारखी बसलेल्या माणसाकडे येते. मधल्या भागात, सेन्सरपासून दूर, नजरेच्या रेषेच्या खाली, हलकी आणि लहान मूर्ती ठेवा. दुतोंडी टेप लावायच्या आधी ती जागा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा, नाहीतर टेप मे महिन्यात सुटते.

चकचकीत करणारं सिलिकॉनचं पॉलिश नको. ते तेलकट राहतं, धूळ धरतं आणि त्याची चकाकी पुढच्या काचेत उमटते. पाण्यावर आधारित, चमक न आणणारं आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं द्रव घ्या. ते कापडावर फवारा, डॅशबोर्डवर कधीच नाही.

काळ्या चकचकीत प्लास्टिकचा, ज्याला सगळे पियानो ब्लॅक म्हणतात, खरा शत्रू कोरडं फडकं आहे. आपल्या रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळू, कोरडं पुसलं की गोल गोल ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. आधी रंगकामाच्या एक इंची मऊ ब्रशने धूळ झटका, मग जरासं ओलं मायक्रोफायबर एकाच दिशेने फिरवा. कापड ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) किंवा त्याहून जाड घ्या आणि काचेसाठी वेगळं ठेवा. या पट्ट्यांवर पहिल्याच आठवड्यात पारदर्शक पीपीएफ (ओरखड्यांपासून वाचवणारी फिल्म) कापून लावून घेतलं तर ते पैसे वसूल होतात. सगळ्या ॲक्सेसरींमध्ये टीपीई मॅटखालोखाल आम्ही यालाच मत देऊ.

परफ्युमची बाटली उलटली तर त्यातला द्रव प्लास्टिकचा वरचा थर खातो. एसीच्या जाळीला लावायची क्लिप जाळीची पट्टी मोडते. वास घ्यायचाच असेल तर सीटखाली ठेवायचा सुका डबा बरा. हाताला लावलेलं सॅनिटायझर वाळल्याशिवाय स्टिअरिंग धरू नका, अल्कोहोलने त्यावरचा रंगाचा थर उतरतो. स्टिअरिंग कव्हरची गरज नाही, सैल कव्हर वळणावर हातात फिरतं.

पूजेची हळद

गाडीची पूजा करताना हळद-कुंकू सीटवर, गालिच्यावर सांडतं. बहुतेकजण लगेच साबण लावतात आणि पिवळा डाग लालसर तपकिरी होतो. हळदीतलं रंगद्रव्य कर्क्युमिन, साबण-चुन्यात असते तशी अल्कली लागली की रंग बदलतं; पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावून याच गुणावर बनतं. म्हणून आधी कोरडी पूड व्हॅक्यूमने ओढा, चोळू नका. मग पांढऱ्या कपड्यावर पाणी आणि थोडं पांढरं व्हिनेगर घेऊन टिपा. कापडी सीटवर उरलेल्या डागासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, आधी कोपऱ्यात लावून बघा. शेवटी गाडी दारं उघडी ठेवून उन्हात लावा, हळदीचा रंग उजेडाने उडतो. लेदरेटवर अल्कोहोल टाळा, तिथे ऊनच पुरेसं आहे. त्याहून सोपं म्हणजे पूजा बॉनेटवर आणि चाकांपाशी करा आणि आत फक्त फूल ठेवा.

पाणी आत येतं कुठून

‘इंटिरिअर ट्रीटमेंट’मध्ये जंतुनाशक फवारा आणि सुगंध देतात. वासाचं मूळ बहुतेक वेळा एसीमध्ये असतं, त्यावर त्याचा उपयोग नाही. एसीचं पाणी एका नळीतून गाडीखाली पडतं. दमट दिवशी वीस मिनिटं एसी चालवूनही खाली थेंब नसेल आणि पुढच्या डाव्या बाजूचा गालिचा ओला लागत असेल तर नळी तुंबली आहे. गालिच्याखालच्या जाड थरात ते पाणी आठवडे राहतं, वरून पुसून काही होत नाही. नळी साफ करून घ्या आणि गालिचा उचलून वाळवा.

उतरायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून पंखा चालू ठेवा, आतलं कॉइल कोरडं होतं. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. खालच्या काही व्हेरिअंटमध्ये जागा असते पण फिल्टर दिलेला नसतो, तेव्हा उघडून खात्री करा. बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडा, झाकणाच्या क्लिपा काढा. नवा बसवताना बाणाची दिशा जुन्याप्रमाणेच.

घाटात काच आतून धुरकट झाली की लोक एसी बंद करतात. एसी चालू, बाहेरची हवा चालू, काचेकडे हवा सोडणारं बटण दाबा. धुकं बाहेरून असेल तर वायपर मारा आणि तापमान वाढवा.

सनरूफ असेल तर पावसाळ्याआधी उघडून त्याच्या खाचेतली पानं काढा, कोपऱ्यात अर्धा कप पाणी ओता आणि ते गाडीखाली उतरतं का बघा. नळ्यांत जोराची हवा मारू नका, सांधे सुटतात आणि पाणी छताच्या कापडात जातं.

ऊन, फिल्म, बिल

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा बंद गाडीतला डॅशबोर्ड हात ठेववत नाही एवढा तापतो. तीनशे ते सहाशे रुपयांची घडीची चकचकीत सनशेड पुढच्या काचेत लावली तर डॅशबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही वाचतात. निघताना आधी काचा उघडून मिनिटभर गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग आतली हवा फिरवणारं बटण दाबा.

काचांना काळी फिल्म शोरूमने दिली तरी नाकारा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा असा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये काचेवर फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. चलान तुमच्या नावावर फाटतं. मागच्या काचेवरचं काहीही ब्लेडने खरवडू नका, काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरच्या तारा तुटतात.

आतले रंगीत दिवे, डॅशकॅम, वेगळा हॉर्न यांसाठी वायर कापून जोड देणारा फिटर नको. कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा प्लग, लावून जोडणारा शोधा, कापलेली वायर दिसली की वॉरंटीचा दावा अडतो. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या बाजारात गेलात तर वस्तू आधी गाडीत ठेवून बघायला मागा.

पॅकेज घेतल्याशिवाय डिलिव्हरी मिळणार नाही असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं वेगळ्या ओळीचं, जीएसटीसकट बिल घ्या. बाहेरून बसवलेल्या महाग वस्तू विमा काढताना जाहीर करा, नाहीतर अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत. टीपीई मॅट, डिक्कीचा ट्रे, पीपीएफच्या पट्ट्या, सनशेड, चार मायक्रोफायबर आणि एक ब्रश, सगळं मिळून सहा ते नऊ हजारांत बसतं.